कोरी पाठ

१

सकाळी आठ वाजता कॅम्प सांभाळणाऱ्या बुर्कहार्टच्या खिडकीपुढे गरम पावांसाठी रांग लागायची. वीस-पंचवीस माणसं, बहुतेक साठी ओलांडलेली, अंगावर चिंधी नाही, खांद्यावर टॉवेल आणि हातात कापडी पिशवी. कुणी गुडघ्याच्या नावाने कुरकुरत असे, कुणी तळ्याचं पाणी आज किती गार होतं ते सांगत असे. पोस्टात असते तशीच रांग. खिसे नसल्यामुळे चष्मे तेवढे गळ्यातल्या दोरीला लटकत.

रोस्विथा एकोणिसाव्या वर्षापासून ह्या कॅम्पवर येत होती. तेव्हा देशाची दोन शकलं होती आणि ह्या बाजूच्या माणसाला फार लांब कुठे जाऊ देत नसत. पण तळ्याकाठी कपडे काढून उन्हात पडायला कुणाची ना नव्हती. तिथेच तिला इंगोल्फ भेटला. तो बस दुरुस्त करायचा, ती जिल्हा रुग्णालयात नर्स. पुढे देश एक झाला, बसचा डेपो बंद पडला, दोघं म्हातारे झाले, पण ऑगस्टचे तीन आठवडे पाइनच्या सावलीतली ती जुनी कॅरॅव्हॅन काही सुटली नाही.

खंड पडला तो गेली दोन वर्षं. इंगोल्फची छाती उघडून बायपास करावी लागली. जखम चिघळली, खालचे दोन टाके सुटले, पुन्हा घालावे लागले. घरी आल्यावर तो अंघोळीला जातानासुद्धा शर्ट घालून जायचा आणि आरशाकडे पाठ करून उभा राहायचा. ह्या वर्षीही 'येत नाही, लोकांना काय दाखवायचं, फाटलेलं पोतं?' असं म्हणत आला. पहिल्या दिवशी फाटकाशी बाकावर बसून त्याने शर्टाची एकेक गुंडी सोडली, तेव्हा रोस्विथाने दुसरीकडे बघत आपले डोळे पुसले. गळ्याखालपासून बेंबीच्या वर चार बोटांपर्यंत गुलाबी वण, आणि खाली, जिथे टाके सुटले होते तिथे, डावीकडे किंचित वाकडा. कुणीही वळून बघितलं नाही. संध्याकाळपर्यंत इंगोल्फ शीळ घालत फिरत होता.

खोकला आला की मात्र तो अजून टॉवेलची घडी करून छातीशी घट्ट धरायचा. ते तिनेच शिकवलं होतं. "आधी घडी, मग खोकला," असं दोन महिने ती दिवसातून वीस वेळा म्हणाली असेल. आता हाड कधीच जुळलं होतं, पण सवय राहून गेली.

२

कॅम्पवर नियम तीन. बसताना खाली टॉवेल घ्यायचा. डॉक्टर असो की ड्रायव्हर, सगळ्यांनी एकमेकांना अरे-तुरे करायचं. आणि बघायचं ते चेहऱ्याकडे. हा तिसरा कुठल्या पाटीवर लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांत कडक तोच होता.

रोस्विथाला तो कधी नीट जमला नाही. अडतीस वर्षं माणसांची अंगं पुसली, सुया टोचल्या, जखमा बांधल्या, तिची नजर कातडीवरच जायची. पाठीमागून ती माणसं ओळखायची ती तीळ आणि वणांवरून. त्यात वाईट काही नव्हतं, पण ते ती कुणाला सांगत नसे.

पहिल्या आठवड्यातल्या गुरुवारी पावांच्या रांगेत तिच्यापुढे एक अनोळखी पाठ उभी होती. पुरुष, वय साठ-पासष्ट, मान उन्हाने रापलेली. त्याच्या खांद्यावर टॉवेल नव्हता, हे आधी खटकलं. मग लक्षात आलं की पाठीवर काहीच नाही. तीळ नाही, चामखीळ नाही, पुळीचा डाग नाही, काही म्हणजे काही नाही. भिजवून झाकून ठेवलेल्या कणकेसारखी पाठ. तिने दंडाकडे बघितलं. त्यांच्या वयाच्या प्रत्येकाच्या दंडावर देवीच्या लशीचा वण असतो, बाईला असतो, बाप्याला असतो, सरकारने कुणाला सोडलं नव्हतं. ह्याचा दंड कोरा होता.

"परदेशातला असेल," इंगोल्फ नाश्त्याला म्हणाला.

"तिकडेही टोचायचेच की."

"मग सुईला घाबरून पळाला असेल. रोझी, अगं रिटायर झालीस ना तू? लोकांच्या पाठीवर काय पेपर छापलाय वाचायला?"

ती हसली. दुपारी तो माणूस तळ्याकाठच्या बाकावर तसाच, उघड्या फळीवर बसलेला दिसला, तेव्हा मात्र सगळा कॅम्प कुजबुजला. शेजारच्या गेर्लिंडेने शेवटी आपला जास्तीचा टॉवेल नेऊन त्याला दिला.

"कोण आहे गं?" रोस्विथाने विचारलं.

"बुर्कहार्टचा मेहुणा ना? भला आहे बिचारा. चेहरा किती ओळखीचा वाटतो, नाही?"

बुर्कहार्ट कॅम्पची सगळी व्यवस्था बघायचा. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "माझा मेहुणा? मला वाटलं, गेर्लिंडेकडे आलाय."

३

गेर्लिंडे विधवा. दर शनिवारी ती आलुबुखाराचा केक करायची आणि पहिला तुकडा रोस्विथाला द्यायची. तिच्या डाव्या खांद्याच्या हाडाखाली कॉफीच्या बीएवढा काळा तीळ होता, कड थोडी खाल्लेली. पूर्वीपासून रोस्विथा तिच्या मागे लागली होती की डॉक्टरला दाखव. गेर्लिंडे उडवून लावायची. "आईच्या पाठीवर इथेच होता. तिने जाताना मला एवढंच तर दिलं. तेही कापून टाकू?"

त्या शनिवारी गेर्लिंडे केकसाठी फळं धूत वाकली होती आणि तिची पाठ स्वच्छ होती.

"अगं, काढलास शेवटी!" रोस्विथा म्हणाली. "केव्हा? वणसुद्धा राहिला नाही!"

"काय काढलं?"

"तीळ. आईचा."

गेर्लिंडेने हात पुसले आणि जरा विचार केला. "माझ्या आईला तीळ होता?" तिने विचारलं. चेष्टा नव्हती. ती खरोखर उत्तराची वाट बघत होती.

रोस्विथा काहीतरी बोलून तिथून निघाली. रविवारी सकाळी रांगेत तो माणूस पुन्हा तिच्यापुढे आला. आता खांद्यावर गेर्लिंडेचा पिवळा टॉवेल होता. तो सरकला तेव्हा खाली, डाव्या हाडाशी, कॉफीच्या बीएवढा काळा तीळ होता. कड थोडी खाल्लेली.

 मग तिने स्वतःला दटावलं. उन्हाचे डाग पडतात. डोळे म्हातारे झाले. दोन तीळ सारखे असू शकतात, आणि गेर्लिंडे सत्तरीला आली, विसरणारच. हे सगळं पटण्यासारखं होतं. फक्त परत येताना तिच्या हातातली पिशवी रिकामी होती. ती पाव न घेताच आली होती.

४

मंगळवारी संध्याकाळी माशांना धूर द्यायचा कार्यक्रम असे. बुर्कहार्ट पत्र्याच्या पिंपात तळ्यातले मासे टांगायचा, खाली लाकडाचा भुसा पेटवायचा, आणि मासे होईपर्यंत गवतकाप्या यंत्राची गोष्ट सांगायचा. पस्तीस वर्षांपूर्वी गवतकाप्याचं पातं सुटून त्याच्या उजव्या गुडघ्यात घुसलं, आणि बायकोने स्वयंपाकघरातला चिमटा घेऊन ते उपसलं. दरवर्षी पातं दोन बोटं मोठं व्हायचं. लोक दरवर्षी हसायचे, आणि तो शेवटी गुडघा वर करून बोटभर लांबीचा पांढरा वण दाखवायचा.

ह्या मंगळवारी मासे तयार झाले तरी बुर्कहार्ट गप्प होता.

"अरे, गवतकाप्या कुठाय आज?" इंगोल्फने त्याला डिवचलं. "ह्या वर्षी पातं विमानाएवढं झालं असेल!"

"तो? शेडमध्ये आहे," बुर्कहार्ट म्हणाला. "पाहिजे का तुला?"

दोघं-तिघं हसले. त्यांना तो विनोदच वाटला. मग पिंपाच्या पलीकडून, धुरातून, एक शांत आवाज आला. "पातं एवढं होतं. बायको चिमटा घेऊन धावत आली. म्हणाली, ओरडू नकोस, शेजारी उठतील." शब्द न् शब्द तेच, थांबण्याच्या जागासुद्धा त्याच. लोक पोट धरून हसले. बुर्कहार्टही हसला, नवीन गोष्ट ऐकताना हसतात तसा.

रोस्विथाने बुर्कहार्टच्या गुडघ्याकडे बघितलं. गुळगुळीत. धूर सरला तेव्हा तो दुसरा माणूस गुडघा वर करून उभा होता.

तिथून कॅरॅव्हॅनपर्यंत ती इंगोल्फचा दंड धरूनच चालली. आत गेल्यावर तिने दिवा लावला आणि त्याच्या छातीवरून बोट फिरवलं. वण होता. वरचा जाड भाग होता, खालचं डावीकडचं वाकडं वळणही होतं.

"काय शोधतेस?" इंगोल्फ म्हणाला.

"तू शुद्धीवर आलास तेव्हा पहिल्यांदा काय म्हणालास, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? म्हणालो, रोझी, कॉफी कडक कर, नाहीतर मी परत झोपतो." त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "अशी काय करतेस? ताप आहे का?"

५

दुसऱ्या दिवशी बुर्कहार्ट स्वतः कॅरॅव्हॅनपाशी आला. टॉवेल अंथरून बसला, कॉफी घेतली, आणि मग बराच वेळ कपाच्या कानाशी चाळा करत राहिला.

"रोस्विथा, राग मानू नकोस. तक्रार आलीय."

"कसली?"

"तू बघतेस म्हणून."

तिचा चेहरा कानापर्यंत तापला. इतक्या वर्षांत ह्या कॅम्पवर तक्रार फक्त दोघांची झाली होती, आणि दोघंही पुन्हा आले नव्हते.

"कोण म्हणालं?"

"ते सांगायचं नसतं. माणूस इथे विश्वासाने अंग उघडं टाकतो, तुला मी सांगायला नको. चेहऱ्याकडे बघ, बस. तो काही फार रागावलेला नाही." बुर्कहार्ट उठला आणि टॉवेल झटकला. त्याच्या कोऱ्या गुडघ्यावर गवताची काडी चिकटली होती.

तो गेल्यावर तिने इंगोल्फला सगळं सांगितलं. तीळ, गुडघा, गोष्ट. वणाबरोबर माणसाचं काहीतरी निघून जातंय, आणि तो ते घेतोय. बोलताना तिला स्वतःलाच ते वेड्यासारखं ऐकू येत होतं.

"आणि आता तो माझा वण चोरणार?" इंगोल्फ म्हणाला. "घेऊन जा म्हणावं. सोबत गोळ्याही ने म्हणावं."

"इंगोल्फ, आपण आज घरी जाऊ. मी पाया पडते तुझ्या."

त्याचं हसू गेलं. "दोन वर्षं मी घरात शर्ट काढला नाही. इथे येऊन दहा दिवस झाले, मला मी पुन्हा माणूस वाटतोय. आणि तू म्हणतेस, चल." त्याला खोकला आला. त्याने टॉवेलची घडी छातीशी धरली, खोकला, आणि दम घेतला. "बरं. उद्या दुपारची विश्रांती झाली की निघू. पण सकाळचं पोहणं मी सोडणार नाही."

सारा संसार त्याला जपण्यात गेला होता, त्यातली शेवटची दोन वर्षं तर श्वास मोजण्यात. आता एक रात्र आणि अर्धा दिवस काढायचा होता. जोवर वण आहे, तोवर इंगोल्फ आहे, असं तिने मनाशी पक्कं धरलं. रात्री तिने चार वेळा अंधारात हात लावून बघितला.

संध्याकाळी एकदा तो माणूस वाटेत समोर आला होता. तक्रार आठवून तिने मुद्दाम चेहऱ्याकडे बघितलं. भला चेहरा. त्याने मान लववली, तिनेही लववली. चार पावलं गेल्यावर तिने आठवून बघितलं, आणि त्याचे डोळे निळे होते की तपकिरी, नाक कसं होतं, काही म्हणता काही आठवेना.

६

एक ते तीन कॅम्पवर विश्रांती. एक वाजता बुर्कहार्ट लोखंडी घंटेचे दोन टोल द्यायचा, फाटकाला साखळी लागायची, आणि मग रेडिओ नाही, हातोडी नाही, मोठ्याने हाक मारणंसुद्धा नाही. गाड्या तशाही फाटकाबाहेर असत. पायी जायला बाजूला छोटं दार होतं. रोस्विथाने कपड्यांची पिशवी सकाळीच नेऊन दाराबाहेरच्या बाकाखाली ठेवली होती. म्हणजे तीन वाजता कपडे चढवायचे आणि निघायचं.

इंगोल्फ बिछान्यावर पडला होता. ती त्याच्याशेजारी खुर्चीत बसली, डोळे त्याच्या छातीवर. वण वर होत होता, खाली होत होता. पत्र्याच्या छपरावर पाइनची सुकी पानं सरकत होती. फ्रिज मध्येच गुरगुरायचा आणि थांबायचा. रात्रभर जागलेली बाई ती, किती वेळ तग धरणार?

जाग आली ती शांततेने. फ्रिज बंद होता. पाखरू नाही, पानाचा आवाज नाही. घड्याळात दोनला पाच कमी. बिछान्यावर चादरीला माणसाच्या आकाराचा खळगा होता आणि त्याचा निळ्या पट्ट्यांचा टॉवेल खुंटीवर नव्हता.

ती बाहेर धावली. कॅरॅव्हॅनच्या रांगा, प्रत्येकीपुढे आरामखुर्ची, प्रत्येक खुर्चीत डोळे मिटलेलं कुणीतरी. गेर्लिंडे झोपली होती. तिच्या पायाच्या नडग्या, मांड्या, दंड, सगळं लख्ख, एक डाग नव्हता. पुढचा म्हातारा तसाच. त्याच्या पुढची बाईही. रोस्विथा त्यांच्यामधून पळत होती आणि सगळ्या कॅम्पवर कुणाच्या अंगावर वाचायला काही उरलं नव्हतं.

एवढी भीती वाटत होती तरी तिने हाक मारली नाही. विश्रांतीच्या वेळी ओरडायचं नसतं. चाळीस वर्षांची सवय गळ्यात बसली होती.

७

लाकडी धक्क्याच्या टोकाला दोन माणसं पाठमोरी बसली होती. पाय पाण्यात. तळ्यावर उन्हाचा असा लखलखाट होता की डोळे उघडे ठेववत नव्हते, आणि चष्मा कॅरॅव्हॅनमध्ये राहिला होता.

ती धक्क्यावर चढली आणि थबकली. डावीकडची पाठ इंगोल्फची होती. उजवीकडचीही इंगोल्फची होती. तेच उतरते खांदे, कमरेशी तीच वळी, मानेवर तोच उन्हाचा पट्टा.  दोघांचे पाय पाण्यात एकाच वेळी हलत होते.

"इंगोल्फ," ती कुजबुजली.

दोघांनी वळून बघितलं.

माणूस फार घाबरला की त्याची अक्कल गहाण पडते. खुणा एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातात हे ह्या कॅम्पवर एकट्या रोस्विथाने पाहिलं होतं, आणि त्या क्षणी तिने बघितली ती खूणच. डावीकडची छाती कोरी. उजवीकडे गळ्याखालपासून उतरत गेलेला गुलाबी वण, आणि खाली डावीकडे वाकडं वळण. जन्मभर कातडी वाचत आलेली बाई. चेहऱ्याकडे तिने बघितलंच नाही.

उजवीकडचा उठला. "रोझी," तो म्हणाला, "कॉफी कडक कर, नाहीतर मी परत झोपतो."

तिच्या तोंडून हुंदका फुटला. तिने त्याचं मनगट धरलं आणि ओढत निघाली. एकदाच मागे बघितलं. दुसरा धक्क्यावर तसाच बसला होता. आपल्या छातीवरून तो तळवा फिरवत होता, वरून खाली, पुन्हा वरून खाली, हरवलेली किल्ली चाचपावी तसा. तिला त्याची दया आली, आणि ती आणखी जोरात पळाली.

८

छोटं दार ओढून घेतल्यावर कडी आपोआप पडली. ते बाहेरून उघडायला किल्ली लागायची आणि ती बुर्कहार्टकडे असे. सुटलो, असं रोस्विथाला वाटलं. बाक, पलीकडे वाळूचा रस्ता, पाच पावलांवर त्यांची हिरवी गाडी. तिने पिशवी उपसली, शर्ट त्याच्या हातात कोंबला आणि स्वतःचा झगा डोक्यावरून ओढला.

"घाल लवकर."

तो शर्ट बघत होता. त्याने एक बाही वर धरली, तिच्या आत डोकावून बघितलं.

"इंगोल्फ, खेळतोस काय? घाल."

तिने त्याच्या हातात बाही चढवली, मग दुसरी. पुढून सदऱ्याची दोन टोकं लोंबत राहिली. तिच्या झग्याला गळ्याशी तीन गुंड्या होत्या. तिने पहिली लावली. त्यानेही एक लावली. तिने दुसरी लावली. त्यानेही. घाम डोळ्यांत गेला म्हणून ती थांबली, तर तोही थांबला, आणि तिच्या बोटांकडे बघत राहिला.

आता तिने वर बघितलं. इंगोल्फचाच चेहरा होता. नाकावरचं जुनं मोडकं हाडसुद्धा जागेवर होतं. तो तिच्याकडे बघत होता, शिकणारा माणूस शिकवणाऱ्याकडे बघतो तसा, फार लक्षपूर्वक.

कुंपणापलीकडे पानं वाजली.

जाळीमागे एक माणूस येऊन उभा होता. ओला, खांद्यावर निळ्या पट्ट्यांचा टॉवेल, छाती कोरी. चेहरा भला होता, कुणाचाही असावा असा. त्याने तिच्याकडे बघितलं आणि संकोचून दोन पावलं मागे झाला.

"माफ करा, बाई," तो म्हणाला. "तुम्ही कुणाला शोधताय का?"

तुम्ही. ह्या कुंपणाच्या आत आयुष्यात तिला कुणी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

 तो माणूस जरा वेळ थांबला. मग त्याला खोकला आला. त्याने टॉवेल खांद्यावरून ओढला, दोन घड्या घातल्या, त्या कोऱ्या छातीशी दोन्ही हातांनी घट्ट धरल्या आणि हलकेच खोकला. का धरल्या हे त्याचं त्याला माहीत नव्हतं. हातांना माहीत होतं.

"इंगोल्फ," रोस्विथा म्हणाली. मग ती किंचाळली. विश्रांतीची वेळ, नियम, सगळं विसरून किंचाळली, "इंगोल्फ! इंगोल्फ, इकडे बघ, मी रोझी!"

ती कोणाला हाक मारतेय हे बघायला त्याने मागे वळून बघितलं.

ती दाराशी गेली. कडी आतून होती. तिने जाळीत बोटं घातली, दार हलवलं, खांद्याने धडका दिल्या. "कडी काढ, राजा. तुझ्या हाताशीच आहे. अरे, टाके सुटले तेव्हा अकरा रात्री मी तुझ्या उशाशी होते. कडी काढ!" तो जवळ आला. त्याने कडीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि भल्या माणसासारखा हात पुढे केला.

तिच्या मागे कुणीतरी खोकलं.

रोस्विथाने वळून बघितलं. शर्टातल्या माणसाने पिशवीतला तिचा टॉवेल काढला होता. नीट दोन घड्या घालून तो छातीशी धरला होता. डोळ्यांत थोडं पाणी, ओठांवर ओशाळं हसू, बरोबर इंगोल्फचं.

"आधी घडी, मग खोकला," तो म्हणाला. "तूच शिकवलंस ना?"

ती जाळीकडे फिरली. आतल्या माणसाचा पुढे आलेला हात कडीपर्यंत पोचून थांबला होता. तो हात कशासाठी पुढे केला हे आठवू बघत असल्यासारखा तो उभा होता. मग त्याने तो खाली घेतला.

त्याला पुन्हा खोकला आला. टॉवेल पायाशी गवतात पडला होता. तो खोकला, खोकत राहिला, आणि त्याचे दोन्ही हात खालीच होते.